हौस पोटापाण्याला लावताना

या सदराकडे येणारी पत्रं बहुधा ठरलेल्या वळणाची असतात. लोणच्यावर बुरशी का येते, जुन्या पैठणीचं काय करावं, घरबसल्या चार पैसे कसे मिळवावेत, अशी. पण गेल्या पंधरवड्यात सांगलीच्या एका भगिनींचं पत्र आलं आणि ते मी चष्मा पुसून पुन्हा एकदा वाचलं. त्यांच्याच शब्दांत थोडक्यात देते.

"ताई, माझी मुलगी इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनियर. लग्न होऊन अमेरिकेत गेली, शिकागोजवळ राहते. वय चौतीस, सहा वर्षांचा मुलगा आहे. नोकरी उत्तम. गेल्या वर्षी मी तिकडे गेले तर गॅरेजमध्ये गाडी नाहीच, कपाटाएवढी अकरा यंत्रं उभी! नाणं टाकून खेळायचे जुने व्हिडिओ गेम. जावई बिचारे बर्फात गाडी लावतात. मुलगी रात्री बारा-बारापर्यंत त्या यंत्रांत डोकं घालून बसते. आता म्हणते, नोकरी सोडून हाच व्यवसाय करणार. मी फोनवर बोलून गेले, 'एवढं शिकवलं ते भंगार गोळा करायला का?' त्याला तीन आठवडे झाले, तिचा फोन नाही. माझ्या नावावर थोडी मुदतठेव आहे. ती मोडून तिला द्यावी, की ठाम नाही म्हणावं?"

आता सांगा, हा काय नुसता व्हिडिओ गेमचा प्रश्न आहे? मुलीने शिकावं म्हणून आपण जिवाचं रान करतो, आणि शिकलेली मुलगी आपल्याला न कळणारं काही करायला निघाली की आपल्या पोटात गोळा येतो. म्हणून या पत्राचं उत्तर सगळ्यांसाठीच देते आहे.

आधी ही यंत्रं काय आहेत ते समजून घेऊ

मी काही यातली तज्ज्ञ नव्हे. पण उत्तर द्यायचं तर माहिती हवी, म्हणून गेले दोन आठवडे जमेल तेवढं वाचलं, आणि खरं सांगते, रमून गेले.

अशा यंत्रांची खरी चलती सुरू झाली ती १९७२ साली. कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेल गावच्या एका मद्यगृहात अटारी कंपनीने 'पाँग' नावाचा खेळ नमुन्यादाखल ठेवला. पडद्यावर दोन रेघा आणि एक ठिपका, बस्स. थोड्याच दिवसांत 'यंत्र बंद पडलं' म्हणून निरोप आला. ते बनवणारे इंजिनियर अल् अल्कॉर्न बघायला गेले, तर बिघाड कसलाच नव्हता. नाण्यांचा डबा इतका गच्च भरला होता की पुढचं नाणं आत जायला जागाच उरली नव्हती! १९७८ साली जपानमधून 'स्पेस इन्व्हेडर्स' आला. १९८० साली तोरु इवातानी यांचा 'पॅक-मॅन' आला. तो पिवळा, तोंड उघडत-मिटत ठिपके खाणारा गोळा तुमच्यापैकी अनेकींनी मुलांच्या खेळात पाहिला असेल. त्या वेळी असले खेळ म्हणजे नुसती मारामारी, आणि तिथे जमायची ती सगळी पुरुषमंडळी. मुलींनाही यावंसं वाटेल असा खेळ हवा म्हणून इवातानींनी मुद्दाम 'खाणे' हा विषय निवडला!

आणि आता खास आपल्यासाठी. १९८१ साली अटारीचा 'सेंटिपीड' म्हणजे 'गोम' हा खेळ निघाला. तो एड लॉग यांच्याबरोबर लिहिला डोना बेली या बाईंनी. नाण्यांच्या खेळांच्या विभागात तेव्हा प्रोग्रॅम लिहिणाऱ्या त्या एकट्याच बाई होत्या. आधी त्या मोटारींच्या कंपनीत काम करत. मोटारीतल्या छोट्या संगणकासाठी प्रोग्रॅम लिहिता लिहिता त्यांना या खेळांची ओढ लागली आणि त्या थेट कॅलिफोर्नियाला गेल्या. त्या खेळाचे रंगही इतरांपेक्षा वेगळे, हळुवार. म्हणजे 'हे काय बायकांचं काम आहे?' असं म्हणणाऱ्यांना उत्तर चाळीस वर्षांपूर्वीच मिळालेलं आहे.

पुढे या खेळांची लाट ओसरली. १९८३ पासून धंदा बसत गेला आणि दुकानं बंद पडत गेली. घरच्या टी.व्ही.ला जोडायचे खेळ आणि नंतर संगणक आले, तसं या कपाटांना कुणी विचारीना. कुणी ती गोदामात कोंबली, कुणी फोडून टाकली. आपल्याकडेही मुंबई-पुण्यात त्या दशकात व्हिडिओ गेमची पार्लरं निघाली होती, ती आज कुठे दिसतात? पण अमेरिकेत काही वेड्या माणसांनी ती यंत्रं उचलून घरी आणली. तुमची लेक त्याच जातीची, असं समजा.

या वेडातून संसार उभे राहिले आहेत का?

राहिले आहेत. आणि वेगवेगळ्या वाटांनी राहिले आहेत, म्हणून तीन-चार उदाहरणं देते.

न्यू हॅम्पशायर राज्यात 'फनस्पॉट' नावाचं प्रचंड खेळघर आहे. बॉब लॉटन यांनी ते १९५२ साली भावाच्या साथीने सुरू केलं, तेव्हा ते अगदी तरुण होते. भांडवल किती? आजीकडून उसने घेतलेले ७५० डॉलर! १९९८ साली तिथेच जुन्या यंत्रांचं संग्रहालय सुरू झालं, आणि आज लांबलांबून माणसं ते पाहायला येतात. नुसती पाहायला नव्हे, खेळायला.

सॅन फ्रान्सिस्कोचे एड झेलिन्स्की यांनी अकरा वर्षांचे असताना, १९३३ साली, नाण्याचं पहिलं यंत्र घेतलं. जन्मभर ते गोळा करत राहिले. त्यांच्या 'म्युझे मेकॅनिक'मध्ये तीनशेच्या वर यंत्रं आहेत. आत शिरायला पैसे नाहीत, पण यंत्र चालवायचं तर नाणं टाका. २००४ साली ते गेले, आणि मुलाने, डॅन यांनी, ते पुढे चालवलं. हे मी मुद्दाम सांगते, कारण संग्रह उभा करणं एक आणि तो पुढच्या पिढीच्या हाती धड सोपवणं दुसरं. त्यावर शेवटी येईनच.

टिम अर्नोल्ड हे मिशिगनमध्ये भावाबरोबर खेळघरं चालवत. त्यातून बाहेर पडून १९९० साली ते लास वेगासला गेले आणि २००६ साली तिथे 'पिनबॉल हॉल ऑफ फेम' उघडलं. पिनबॉल म्हणजे उतरत्या काचेच्या पेटीत पोलादी गोळी फटकावण्याचा खेळ. दोनशेहून अधिक यंत्रं, दुरुस्ती स्वतःच्या हाताने, आणि संस्था धर्मादाय पद्धतीची. उरलेला पैसा दानाला जातो.

आणि चौथं उदाहरण तर सांगलीच्या भगिनींच्या मुलीच्या घराजवळचंच. शिकागोच्या शेजारी ब्रुकफील्ड गावात डॉक मॅक यांनी २०१० साली 'गॅलपिंग घोस्ट' नावाचं खेळघर काढलं. सुरुवात सव्वाशेवर यंत्रांनी झाली, आज नऊशेच्या वर आहेत. तिथे नाणी टाकायची भानगडच नाही. दारात एकदा प्रवेशफी भरली की दिवसभर हवं ते खेळा.

म्हणजे हे वेडगळ स्वप्न नाही. पण थांबा, लगेच पेढे वाटायला नकोत. ज्यांची दुकानं चालली त्यांचीच नावं आपल्याला कळतात. ज्यांची बुडाली त्यांच्यावर कोण लिहितं?

नाण्याचं गणित

डॉक मॅक यांनी नाण्यांऐवजी प्रवेशफी का ठेवली असेल? याचं उत्तर कळलं की अर्धा धंदा कळला.

१९८० साली एका खेळाला एक पाव डॉलर पडायचा. लोकांच्या मनात तो भाव असा घट्ट बसला आहे, आणि यंत्रांच्या फटीही त्याच नाण्याच्या, की आजही अनेक ठिकाणी जुन्या यंत्राला पाव डॉलरच पडतो. चाळीस वर्षांत दूध महागलं, जागेचं भाडं महागलं, विजेचं बिल वाढलं, खेळ मात्र तिथेच! आपण हिशेब करून पाहू. दहा यंत्रं मांडली, प्रत्येकावर दिवसाला वीस खेळ झाले. झाले दोनशे खेळ, म्हणजे पन्नास डॉलर. त्यातून भाडं, वीज, विमा आणि माणसाचा पगार द्यायचा. सुटणार काय?

म्हणून नुसतं 'दुकान काढते' म्हणून चालत नाही. कोणत्या वाटेने जायचं ते ठरवावं लागतं. मला दिसलेल्या वाटा अशा :

एक, घरोघरी जाऊन दुरुस्ती. लहानपणी जी मुलं या यंत्रांवर खेळली ती आज पन्नाशीची, हातात पैसा असलेली माणसं आहेत. त्यांनी हौसेने यंत्र घेऊन तळघरात ठेवलेलं असतं, पण बिघडलं की दुरुस्त करणारा मिळत नाही. या वाटेला भांडवल सर्वांत कमी लागतं. अवजारांची पेटी, गाडी आणि डोकं.

दोन, मोडकं यंत्र घेऊन, नवं करून विकणं.

तीन, वाढदिवसाला, लग्नाला, कंपनीच्या समारंभाला यंत्रं भाड्याने देणं. यात पैसा बरा सुटतो, पण एकेक यंत्र सव्वाशे किलोच्या आसपास. उचलणार कोण, नेणार कशात?

चार, दुसऱ्याच्या उपाहारगृहात आपलं यंत्र ठेवणं आणि जमलेल्या नाण्यांची मालकाशी वाटणी करणं. ही तिकडची जुनी रीत आहे, बहुधा निम्मी-निम्मी. मॅसॅच्युसेट्समधल्या दोन विद्यार्थ्यांनी, डग मॅक्रे आणि केव्हिन कुरन यांनी, वसतिगृहात यंत्रं ठेवून अशीच सुरुवात केली. मुलं एका खेळात तरबेज झाली, एकाच नाण्यावर तास-तास खेळू लागली आणि गल्ला आटला. तेव्हा या दोघांनी खेळ अवघड करणारी जोडपट्टी स्वतःच तयार केली! कंपनीने खटला भरला, शेवटी तडजोड झाली आणि त्यांनाच काम दिलं. पुढे १९८२ साली त्यांच्या चमूने केलेल्या खेळातूनच 'मिस पॅक-मॅन' निघाली. ती यंत्रं लाखाहून जास्त खपली. आटलेल्या गल्ल्याने दिलेली ही शिकवण!

पाचवी वाट, स्वतःचं खेळघर किंवा संग्रहालय. ही सर्वांत देखणी आणि सर्वांत खर्चाची. माझ्या मते ती शेवटी धरावी, सुरुवातीला नव्हे.

काम कसलं असतं?

आपल्याला वाटतं, खेळणी ती! पण या यंत्रांचं पोट उघडलं की जुना टी.व्ही., रेडिओ, सुतारकाम आणि रंगकाम सगळं एकत्र निघतं.

पडद्यामागे जुनी जाड काचेची पिक्चर ट्यूब असते. अशा ट्यूब बनणं आता जवळजवळ बंदच झालं आहे. म्हणून लोकांनी टाकून दिलेले जुने टी.व्ही. शोधून त्यातल्या ट्यूब काढून बसवतात. म्हणजे तुमच्या लेकीच्या गॅरेजमध्ये मोडके टी.व्ही. दिसले तर ते भंगार नव्हे, सुटे भाग आहेत. वर्षानुवर्षं एकच चित्र दिसत राहिलं की ते काचेवर कायमचं उमटतं. बंद यंत्रावरही पॅक-मॅनचा चक्रव्यूह पुसट दिसतो, जसा भिंतीवरची तसबीर काढली तरी चौकट दिसत राहते तसा.

आत कपॅसिटर नावाचे छोटे डबे असतात. विजेच्या प्रवाहातले चढउतार ते सांभाळून घेतात, टाकीत साठवलेल्या पाण्यासारखे. ते वयाने सुकतात, मग चित्र लवतं, थरथरतं. सगळे बदलले की पुष्कळदा यंत्र पुन्हा टवटवीत होतं. काही यंत्रांत आकडे लक्षात ठेवायला बॅटरी असते. ती फुटून वाहिली की खालचं सर्किट खाऊन टाकते. आपण रेडिओ ठेवून देताना सेल काढून ठेवतो ना? तोच नियम. पाट्यांच्या कडेचे दात काळे पडले की साध्या खोडरबराने हलक्या हाताने घासून चकचकीत करतात. ज्या चिप्समध्ये खेळ साठवलेला असतो त्यांतल्या काहींना चिमुकली काचेची खिडकी असते. तिच्यातून अतिनील किरण गेले तर हळूहळू सगळा खेळच पुसला जातो, म्हणून त्या खिडकीवर चिकटपट्टी लावून ठेवतात. आणि कपाटाचं लाकूड म्हणजे बहुधा भुशाचा दाबलेला तक्ता. ओल लागली की खालून पावासारखा फुगतो. गॅरेजची फरशी धुणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं!

हे सगळं वाचताना मला वाटलं, इंजिनियरिंगचं शिक्षण वाया गेलं असं कसं म्हणावं? ते तर रोज रात्री बारापर्यंत वापरात आहे.

घरात लहान मूल आहे, म्हणून हे आधी

इथे मात्र मी कडक बोलणार आहे. रंगीत पिक्चर ट्यूबमध्ये वीस हजार व्होल्टच्या आसपास दाब असतो. यंत्र बंद केलं, प्लग काढला, तरी तो काही काळ आत साठून राहू शकतो. म्हणून ट्यूबला हात लावण्याआधी तिच्यातली वीज नीट उतरवून घ्यायची, आणि हे जाणत्या माणसाजवळ उभं राहून शिकायचं, पुस्तकातून नव्हे. जुने टी.व्ही. दुरुस्त करणारे 'एक हात खिशात' ठेवून काम करत, म्हणजे वीज एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हाताकडे जाऊ नये.

पाठ उघडी असलेलं यंत्र कधीही सोडून जायचं नाही. गॅरेजच्या दाराला मुलाच्या हाताबाहेर कडी हवी. सव्वाशे किलोचं कपाट मुलाने लोंबकळून ओढलं तर अंगावर येतं, म्हणून ते भिंतीला टेकवून, पाय समतल करून ठेवायचं. जुन्या सोल्डरमध्ये शिसं असतं. काम झालं की साबणाने हात धुतल्याशिवाय मुलाला घास भरवायचा नाही. आणि रात्री बारा वाजता, डोळ्यांवर झोप असताना, एकटीने हे काम करायचं नाही. हवं तर हा परिच्छेद कापून मुलीला पाठवा.

नोकरी सोडण्यापूर्वी

आता मूळ प्रश्न. मुलीला मी 'हो' म्हणणार नाही, 'नाही'ही म्हणणार नाही. पाच गोष्टी विचारीन.

१. कागद. तिच्याकडे ग्रीन कार्ड आहे का? नोकरीच्या एच-वन व्हिसावर असेल तर काम करण्याची परवानगी त्या मालकाशी बांधलेली असते. नोकरी सोडली की राहण्याचाच प्रश्न उभा राहतो, आणि बाजूला स्वतःचा धंदा करून पैसे घेणंही अंगाशी येऊ शकतं. इथे मैत्रिणीचा सल्ला चालत नाही, वकिलाचाच घ्यावा लागतो.

२. वही. अकरा यंत्रांत आजवर किती पैसे गेले? हे जिला सांगता येत नाही तिने धंद्यात पडू नये. धंद्याचं खातं घरखर्चापासून वेगळं हवं. तिकडचं करखातंही हाच फरक करतं. नुसता छंद असेल तर त्यातला तोटा इतर मिळकतीतून वजा करता येत नाही. पाच वर्षांपैकी तीन वर्षं नफा दाखवला तर तो व्यवसायच आहे असं साधारणपणे धरतात. तेव्हा पावत्या पहिल्या दिवसापासून जपायच्या.

३. परवाना आणि विमा. अनेक गावांत लोकांसाठी ठेवलेल्या प्रत्येक यंत्रामागे वर्षाला फी भरावी लागते. कुठे राहत्या घरातून धंदा करायलाच मनाई असते. घराच्या नेहमीच्या विम्यात धंद्याचं सामान धरलेलं असेलच असं नाही. नगरपालिकेत एक खेप घातली की कळतं.

४. घरच्या माणसांचं मन. जावई बर्फात गाडी लावतात, हे सासूने पत्रात लिहिलं, जावयांनी नव्हे. पण मुलीने त्यांना एकदा समोर बसवून विचारायला हवं. एका पगारात घराचा हप्ता, मुलाची शाळा आणि नोकरीबरोबर जाणारा आरोग्यविमा निभेल का? अमेरिकेत हा शेवटचा प्रश्न पहिला विचारावा, कारण तिथलं आजारपण फार महाग.

५. आणि सर्वांत अवघड, यंत्र विकता येतं का? हसू नका. गोळा करणारा आणि विकणारा ही दोन वेगळी माणसं असतात. मुलीला म्हणावं, अकरापैकी दोन यंत्रं यंदा नफ्याने विकून दाखव. त्यातलं एक तुझं आवडतं असू दे. ज्या दिवशी ते दुसऱ्याच्या गाडीत चढताना पाहून तुला पुढच्या यंत्राचा विचार सुचेल, त्या दिवशी तू व्यापारी झालीस. डोळ्यांत पाणी येऊन 'नको, परत आणा' म्हणालीस, तर नोकरी सांभाळ आणि हौस खुशाल कर. त्यात कमीपणा कसला? हौसेचं मोल हौसेनंच वसूल होतं.

म्हणून माझा सल्ला असा. एक वर्ष नोकरी न सोडता, शनिवार-रविवार फक्त दुरुस्तीचं काम घ्यायचं. मग वही उघडायची. पदरी निदान सहा महिन्यांचा घरखर्च साठला असेल आणि शनिवार-रविवार पुरेनासे झाले असतील, तर नोकरी सोडायचा विचार करावा. आणि ब्रुकफील्ड इतकं जवळ आहे, तर एखादा दिवस तिथे नुसतं खेळायला न जाता बघायला जावं. बंद यंत्रं किती, दुरुस्तीला माणसं किती, गर्दी कोणत्या वारी. दुसऱ्याच्या दुकानात उभं राहून जे कळतं ते स्वतःचं बुडवून शिकावं लागत नाही.

मुदतठेव आणि फोन

सांगलीच्या भगिनी, आता तुमच्याशी. ठेव मोडू नका. बॉब लॉटन यांच्या आजीने ७५० डॉलर दिले ते वाचून तुमचं मन विरघळलं असेल. पण ते परत आले नसते तर आजीची चूल विझली असती का, हे आपल्याला ठाऊक नाही. तुमच्या म्हातारपणाची ठेव हे तुमचंच अंथरूण आहे. त्यावरचं एक-दोन वर्षांचं व्याज मात्र द्या, आणि 'उसने' नव्हे, 'आईकडून' म्हणून द्या. चांगल्या अवजारांची एक पेटी तेवढ्यात येईल. बुडालं तरी दोघींत कटुता येणार नाही.

आणखी एक सांगते. माझ्या नात्यातल्या एका काकांना जुन्या रेडिओंचा नाद होता. माळ्यावर चाळीस-एक रेडिओ, एकेक स्वतः दुरुस्त केलेला. काकू जन्मभर 'तुमचं भंगार' म्हणत राहिल्या, काकांनीही कधी वहीत एक ओळ लिहिली नाही की कोणता कुठला, कधी घेतला. काका गेले, आणि तेराव्यानंतर महिन्याभरात ते सगळे किलोवर गेले. पुढे कधीतरी एक गृहस्थ त्यांतल्या एका रेडिओची चौकशी करत आले, तेव्हा काकू दारात नुसत्या उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मी कधी विचारलंच नाही हो त्यांना, की यात आहे काय."

म्हणून तुमच्या लेकीला सांगा, प्रत्येक यंत्राचं एक पान कर. कुठून आणलं, केवढ्याला, काय बिघडलं होतं, काय बदललं. विकताना त्या पानाने भाव वाढतो, आणि नाही विकलं तर नातवाला कळेल की आजीच्या लेकीने काय सांभाळलं होतं.

आणि फोन तुम्हीच करा. तिचा येण्याची वाट पाहू नका. नोकरीचं, पैशाचं पहिल्याच फोनवर काढू नका. 'भंगार' म्हणाले ते चुकलं, असं एक वाक्य बोला, आणि मग विचारा, "पहिलं यंत्र तू कोणतं चालू केलंस गं? चालू झालं तेव्हा काय वाटलं?" एवढंच. ती अर्धा तास बोलेल. तुम्हाला त्यातलं निम्मं कळणार नाही, न कळू दे. तुम्ही ऐकताय हे तिला कळेल.

आणि इतर मैत्रिणींनो, तुमच्या घरात कुणाच्या हौसेने कोणता कोपरा अडवला आहे? त्यातून कुणी चार पैसे मिळवले, कुणी गमावले? जरूर कळवा. पुढच्या आठवड्यात नेहमीच्या वाटेवर येऊ : साठवणीच्या मसाल्यांना कीड लागू नये म्हणून काय करावं.